अठराव्या क्रमांकावरून लंडनला

गुरुवार, १९ मे २०२२

कोल्हापुरात फुटबॉल पाहत वाढलेल्या माणसाला ‘बाहेरचा सामना’ म्हणजे काय, हे इंग्लंडला येईपर्यंत नीट उमगत नाही. आमच्याकडे संघ मंगळवार पेठेचा असो की शिवाजी पेठेचा, सामना शाहू स्टेडियमवरच. दोन्ही बाजूंचे लोक घरून चालत येतात आणि हरलेल्यांना फार तर दोन गल्ल्या टाळून लांबच्या वाटेने घरी जावे लागते. संघ हरण्याचीच शक्यता अधिक असताना तीनशे किलोमीटर प्रवास करायचा, परक्यांच्या मैदानाच्या एका कोपऱ्यात दोन तास उभे राहायचे आणि पुन्हा तीनशे किलोमीटर परत यायचे, हा प्रकार मी नोकरीनिमित्त लीड्सला आल्यावर पाहिला आणि हळूहळू त्याची मलाही सवय लागली.

या आठवड्यात मात्र त्या प्रवासाला निराळेच वजन आले आहे. प्रीमियर लीगच्या २० संघांपैकी शेवटचे ३ खालच्या श्रेणीत, म्हणजे चॅम्पियनशिपमध्ये, उतरतात. नॉर्विच आणि वॉटफर्ड यांचे उतरणे ठरून गेले आहे. तिसरी जागा कोणाची, एवढेच बाकी आहे. आज सकाळी एव्हर्टन ३६, लीड्स ३५, बर्नली ३४ अशी गुणांची रांग होती. लीड्सचा एकच सामना शिल्लक आहे, तो रविवारी लंडनला ब्रेंटफर्डच्या मैदानावर. बाकी दोघांचे दोन-दोन होते, त्यांतला एकेक आज रात्री झाला.

तो मी शेजारच्या आजोबांच्या स्वयंपाकघरात बसून ऐकला. समोरासमोर मी त्यांना नावाने हाक मारतो, कारण इथली रीतच तशी आहे. पण मराठीत लिहिताना सत्तरीतल्या माणसाचे नुसते नाव हातून उतरत नाही, म्हणून इथे ते आजोबाच. त्यांच्याकडे टीव्ही आहे, पण अशा रात्री ते रेडिओच लावतात. वाईट बातमी नुसती कानाने आली तर ती निम्मीच लागते, असे त्यांचे म्हणणे. एव्हर्टन मध्यंतराला क्रिस्टल पॅलेसविरुद्ध ०-२ असा मागे पडला, तेव्हा ते खुशीत चहा करायला उठले. तो चहा प्यायचा राहून निवेपर्यंत एव्हर्टनने ३-२ असा सामना जिंकून स्वतःची सुटका करून घेतली होती. तिकडे बर्मिंगहॅममध्ये बर्नलीने ॲस्टन व्हिलाशी १-१ अशी बरोबरी साधली. त्यांचे ३५ गुण झाले, आमचेही ३५च, आणि गोलफरकाच्या, म्हणजे मारलेले गोल वजा खाल्लेले गोल या, हिशेबाने आम्ही सतराव्या क्रमांकावरून अठराव्यावर घसरलो. आमचा संघ त्या वेळी घरी बसला होता.

गोलफरकाबद्दल बोलण्यासारखे काही नाही. बर्नलीचा उणे १८ आहे, आमचा उणे ३८. म्हणजे रविवारी दोघांना सारखेच फळ मिळाले, दोघे जिंकले, दोघे हरले किंवा दोघांनी बरोबरी केली, तरी आम्ही उतरलो. बर्नली घरच्या मैदानावर न्यूकॅसलशी खेळणार आहे, आणि तिथे त्यांना जे मिळेल त्याहून अधिक आम्हाला लंडनला मिळवायचे आहे. बर्नली जिंकली तर आम्ही ब्रेंटफर्डला कितीही गोल मारले तरी ते फुकट. आजोबांनी विजेच्या बिलाच्या पाठीवर या नऊ शक्यता चौकटी आखून मांडल्या. तीन चौकटींत आम्ही वाचत होतो, सहांत बुडत होतो. त्यांनी कागद दुमडून खिशात ठेवला आणि लंडनच्या गाडीची वेळ विचारली.

शुक्रवार, २० मे

तिकीट आजोबांकडे आहे, माझ्याकडे नाही. ब्रेंटफर्डचे मैदान अवघे १७,२५० प्रेक्षकांचे, त्यात पाहुण्यांच्या वाट्याला एक कोपरा येतो, आणि ती तिकिटे आधी बाहेरच्या सामन्यांना ज्यांनी सर्वाधिक हजेरी लावली आहे त्यांनाच मिळतात. किमतीचा प्रश्न नाही. प्रीमियर लीगमध्ये पाहुण्या समर्थकाकडून ३० पौंडांहून अधिक घेता येत नाहीत. प्रश्न हजेरीचा आहे, आणि माझी हजेरी आजोबांच्या हजेरीपुढे नगण्य आहे. मी जातो आहे तो त्यांच्या गुडघ्यासाठी. जिने उतरताना कोणीतरी सोबत हवे, आणि मुलगा परदेशी आहे. हे कारण आम्ही दोघांनी मिळून शोधले. मैदानाबाहेर बसण्यासाठी लंडनला जातो असे घरी सांगणे मला अवघड गेले असते.

दिवसभर कचेरीत लोक एकमेकांना शकुन सांगत होते. न्यूकॅसलचा ख्रिस वूड हा आधी लीड्सचा. २०१७ साली आमच्याकडून तो बर्नलीला गेला, आणि या जानेवारीत न्यूकॅसलने त्याला बर्नलीकडूनच विकत घेतले. म्हणजे आमचा जुना गडी बर्नलीला बुडवणार, असा शुभशकुन. अपशकुन त्याहून जास्त. २०१९ च्या ईस्टर सोमवारी लीड्स ब्रेंटफर्डला ०-२ असे हरले आणि थेट बढतीची आशा तिथेच मावळली; त्या दिवशी दुसरा गोल करणारा सर्जी कानोस अजून ब्रेंटफर्डकडेच आहे. शिवाय लाल कार्डांमुळे ल्यूक एलिंग आणि डॅन जेम्स बाहेर, मांडीचे हाड मोडल्यामुळे स्टुअर्ट डॅलस बाहेर. मोसमभर लीड्सने ७८ गोल खाल्ले, त्यांतले २० एकट्या फेब्रुवारीत, आणि महिना सरता सरता मार्सेलो बिएल्सा यांना निरोप देण्यात आला. सोळा वर्षांनी संघाला पुन्हा वरच्या श्रेणीत नेणाऱ्या या माणसाची चित्रे शहरातल्या भिंतींवर आहेत. त्यांच्या जागी आलेले अमेरिकी प्रशिक्षक जेसी मार्श मनापासून धडपडत आहेत हे आजोबांना मान्य आहे. पण त्यांचे नाव ते अजून घेत नाहीत, नुसते ‘तो’ म्हणतात. मला स्वतःला वाटते की तो निर्णय आणखी उशिरा झाला असता तर लंडनला जाण्याची गरजच उरली नसती, इतके आम्ही आधीच बुडालो असतो. हे मी आजोबांजवळ बोललेलो नाही.

शनिवार, २१ मे

सकाळची किंग्ज क्रॉसची गाडी. आजोबांनी गळपट्टा बाहेर दिसू दिला नाही. तो कोटाच्या आतल्या खिशात घडी करून ठेवला होता, आणि डब्यात चीज व लोणच्याचे सँडविच होते. वेकफील्ड गेले, डॉन्कास्टर गेले. सँडविचचा कागद त्यांनी दोनदा उलगडला आणि दोनदा पुन्हा गुंडाळला. पोटात जात नाही, म्हणाले.

डॉन्कास्टरनंतर ते बोलू लागले. लीड्सचे यापूर्वीचे उतरणे दोनदा त्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे, आणि दोन्ही वेळा बाहेरच्या मैदानावर. मे १९८२ मध्ये वेस्ट ब्रॉमविचला लीड्स ०-२ असे हरले, समर्थकांनी कुंपण मोडले, पोलीस धावले; पण गंमत अशी की उतरणे त्या रात्री ठरलेच नव्हते. दोन दिवसांनी स्टोकने त्याच वेस्ट ब्रॉमला हरवले, तेव्हा ते पक्के झाले, म्हणजे शेवटचा घाव परक्या दोघांच्या सामन्यात बसला. दुसरे २००४ साली, बोल्टनला, १-४. तीन वर्षांपूर्वी जो संघ चॅम्पियन्स लीगच्या उपान्त्य फेरीत खेळला होता, तो कर्जात रुतून खेळाडू विकत विकत तिथवर आला होता. खाली गेल्यावरही घसरण थांबली नाही. २००७ मध्ये संघ आणखी एक श्रेणी खाली गेला. वर यायला २०२० उजाडले, आणि तेव्हा करोनामुळे मैदाने रिकामी होती. सोळा वर्षे वाट पाहिलेली बढती आजोबांनी दिवाणखान्यात बसून पाहिली.

हे ऐकल्यावर मला एक गोष्ट समजली, जी तक्त्यावरून कळत नाही. वृत्तपत्रांत रेलिगेशनचा, म्हणजे या उतरण्याचा, अर्थ पैशांत सांगतात, आणि तो खोटा नाही; प्रीमियर लीगमध्ये तळाला राहिलेल्या संघालाही मोसमाला १० कोटी पौंडांच्या आसपास मिळतात, तर खाली गेलेल्यांच्या हाती काही वर्षे घटत जाणारी मदत येते, तिचे नावच ‘पॅराशूट पेमेंट’. पण समर्थकाच्या भीतीचे एकक पौंड नसते, वर्षे असते. आजोबा सत्तरीचे आहेत. मागच्या वेळी परत यायला सोळा वर्षे लागली. हा हिशेब त्यांनी बिलाच्या पाठीवर मांडला नव्हता, आणि डब्यात आम्ही दोघांनीही तो मोठ्याने केला नाही.

किंग्ज क्रॉसला उतरलो तर सारे स्थानक लाल-पांढऱ्या पट्ट्यांनी भरलेले. संडरलँडचे लोक वेम्ब्लीला निघाले होते. लीग वनमधून, म्हणजे तिसऱ्या श्रेणीतून, वर जाण्यासाठी आज त्यांचा वायकम्बशी अंतिम सामना होता. प्रीमियर लीगमधून २०१७ ला खाली, २०१८ ला आणखी खाली, आणि मग चार मोसम तिथेच अडकून पडलेला हा संघ. हजारो माणसे तरीही नाचत, गात होती. आजोबांच्या वयाचा एक गृहस्थ जिन्याच्या कठड्याला टेकून श्वास घेत होता. आजोबांचा गळपट्टा दिसत नव्हता, पण त्यांची बोली ऐकताच त्याने विचारले की लीड्सचे का. होय म्हटल्यावर तो नुसते एकच शब्द बोलला, ‘त्र्याहत्तर’. १९७३ च्या एफए कपच्या अंतिम सामन्यात दुसऱ्या श्रेणीतल्या संडरलँडने बलाढ्य लीड्सला १-० असे हरवले होते. आजोबा तेव्हा विशीतले, वेम्ब्लीच्या उभ्या प्रेक्षकांत होते; तो गृहस्थही तिथेच, दुसऱ्या टोकाला. एकोणपन्नास वर्षांनी दोघांनी हात मिळवले. गृहस्थाने खालच्या श्रेणीबद्दल एकच माहिती दिली: तिथे प्रवास फार होतो, पण बाहेरच्या सामन्यांची तिकिटे सहज मिळतात. सांत्वन म्हणून हे वाईट नव्हते. आजोबा हसले, त्या दिवसात पहिल्यांदाच.

मुक्काम हाउन्स्लोला माझ्या मावसभावाकडे होता. हे उपनगर ब्रेंटफर्डपासून जवळच आहे. हीथ्रोवर उतरणारी विमाने तिथून इतकी जवळून जातात की बोलताना वाक्य मध्येच थांबवायची सवय लागते. संध्याकाळी टीव्हीवर संडरलँड २-० असे जिंकून वर गेल्याचे दिसले. आजोबांनी टाळ्या वाजवल्या आणि लगेच गप्प झाले, कारण त्याचा दुसरा अर्थ त्यांना आधी लक्षात आला नव्हता: संडरलँड आता चॅम्पियनशिपमध्ये आले. उद्या बिनसले तर पुढच्या वर्षी आम्ही आणि ते एकाच श्रेणीत.

वहिनींनी भाजणीची थालीपिठे केली होती. आजोबांनी लोण्याबरोबर अर्धे खाल्ले, चवीचे मनापासून कौतुक केले आणि ताट सरकवले. वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “भाऊजी, त्यांना तिखट लागलं का हो?” मी म्हटले, “नाही वहिनी, त्यांना बर्नली लागलीय.” रात्री भिंतीपलीकडे त्यांच्या येरझारा ऐकू येत होत्या. मीही जागाच होतो, पण पडून.

रविवार, २२ मे

शेवटच्या दिवशी सगळे दहा सामने एकाच वेळी सुरू होतात, म्हणजे कोणाला दुसऱ्याचे फळ पाहून आपला खेळ बेतता येऊ नये. दुपारी चारची वेळ. ती येईपर्यंतचे तास कसे काढायचे याची कुठलीच सोय मात्र कोणी केलेली नाही. नऊला आजोबा दाढी करून तयार. दहाला त्यांनी कागद काढून नऊ चौकटी पुन्हा पाहिल्या, जणू रात्रीतून एखादी चौकट बदलली असेल. निघताना वहिनींनी चार थालीपिठे फॉइलमध्ये बांधून माझ्या पिशवीत टाकली.

२३७ क्रमांकाची बस ब्रेंटफर्डच्या मुख्य रस्त्याने क्यू ब्रिजला जाते. राणीच्या कारकिर्दीच्या सत्तर वर्षांच्या सोहळ्याला जेमतेम दहा दिवस उरले होते, त्यामुळे दुकानांवर छोट्या झेंड्यांच्या माळा होत्या आणि ऊन छान पडले होते. बसमध्ये ब्रेंटफर्डची कुटुंबे, मुलांच्या गालांवर रंगवलेले पट्टे. या संघाने ७४ वर्षांनी वरची श्रेणी पाहिली, पहिल्याच सामन्यात आर्सेनलला हरवले आणि आता तेराव्या-चौदाव्या क्रमांकावर निवांत पोहोचला आहे. त्यांना आज काहीच पणाला लावायचे नव्हते. एका मुलाच्या वडिलांनी आजोबांना जागा दिली आणि शुभेच्छाही दिल्या, अगदी खऱ्या मनाने. इस्पितळात भेटायला आलेली माणसे ज्या आवाजात बोलतात, तसा तो आवाज होता. शत्रुत्व परवडले असते.

ब्रेंटफर्डचे मैदान रेल्वेच्या रुळांमधल्या त्रिकोणात वसवले आहे. २०२० मध्ये उघडलेले, नव्या घरांच्या इमारतींना खेटून उभे. आतल्या खुर्च्या मुद्दाम वेगवेगळ्या रंगांच्या विखरून बसवल्या आहेत, म्हणजे रिकाम्या राहिल्या तरी दुरून भरल्यासारख्या दिसतात. आज त्या युक्तीची गरज नव्हती. क्यू ब्रिज स्थानकातून लीड्सचे लोक लोंढ्याने बाहेर येत होते, त्यांत बिनतिकिटांचे पुष्कळ. त्यांचे गाणे मी एलंड रोडवर, म्हणजे लीड्सच्या घरच्या मैदानावर, शेकडो वेळा ऐकले आहे, पण आज त्यात एक चमत्कारिक गोष्ट लक्षात आली: कोणी थांबतच नव्हते. एका कडव्यानंतर लगेच दुसरे, मध्ये श्वासापुरतीही जागा नाही. गाणे थांबले असते तर बोलावे लागले असते.

फाटकापाशी आजोबांनी गळपट्टा बाहेर काढला, घडीच्या रेषा हातांनी सरळ केल्या आणि गळ्यात घातला. मी त्यांना विचारले की १९८२ पाहिले, २००४ पाहिले, मग आज घरी रेडिओच का ऐकला नाही. ते म्हणाले की आपल्या घरातला माणूस अत्यवस्थ असला तर आपण शेजाऱ्याच्या फोनची वाट पाहत बसतो का. मग माझ्या खांद्यावर थोपटून, यॉर्कशरच्या पद्धतीप्रमाणे मला ‘लव्ह’ म्हणून ते रांगेत शिरले. साठीच्या पुढचे हे दणकट लोक एकमेकांना ‘लव्ह’ म्हणतात, याची सवय व्हायला मला दोन वर्षे लागली होती.

जवळच्या एका पबच्या दारावर फक्त घरच्या समर्थकांना प्रवेश असल्याची पाटी होती. दुसऱ्यात उभे राहायलाही जागा नव्हती. म्हणून मी पूल ओलांडण्याऐवजी डावीकडे वळून थेम्सच्या काठाने स्ट्रँड-ऑन-द-ग्रीनवर गेलो. नदीला भरती येते तेव्हा पाणी वाटेवर चढते, त्यासाठी तिथल्या घरांचे दरवाजे उंचावर बांधले आहेत. एका बाकावर पिशवी ठेवून बसलो. मैदान दिसत नव्हते, पण वारा तिकडून होता. बरोबर चारला कोल्हापूरहून बाबांचा फोन आला. तिथे साडेआठ वाजले होते, आणि पुतण्याच्या मोबाइलवर ते सामना लावून बसले होते. “तू आत नाहीस तर मग तिथं गेलास कशाला?” एवढेच त्यांनी विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता संघात कोण कोण आहे ते वाचून दाखवू लागले.

थोड्याच वेळात कळले की कान मोबाइलच्या पुढे धावत आहेत. मैदानातला ओरडा मला तत्काळ ऐकू येई, बाबांच्या पडद्यावर ती घटना अर्ध्या मिनिटाने पोहोचे. शिवाय ओरडा दोन प्रकारचा होता. ब्रेंटफर्डचा पसरट, तीन बाजूंनी येणारा. लीड्सचा एका कोपऱ्यातून, टोकदार. दर दोन-तीन मिनिटांनी वरून विमान जाई आणि तेवढा वेळ मी आंधळा होई. वीस-एक मिनिटांनी कोपऱ्यातून एकदम मोठी गर्जना आली. मी बाबांना म्हटले, “थांबा, आता आपला गोल होईल.” झालाही, आमच्या गेलहार्टने चेंडू जाळ्यात मारला, पण व्हीएआरने, म्हणजे व्हिडिओ पाहणाऱ्या पंचांनी, ऑफसाइड दिला आणि पसरट आवाजाने कोपऱ्याचा आवाज गिळून टाकला. त्याच सुमारास कोपरा पुन्हा ओरडला, तेव्हा मात्र बाबांच्या पडद्यावर काहीच घडले नाही. चेंडू मैदानाच्या मधोमध रेंगाळत होता. दोघेही गोंधळलो. मग पुतण्या मागून ओरडला, “न्यूकॅसल! पेनल्टी! विल्सन!” टर्फ मूरवर, म्हणजे आपल्याच मैदानावर, बर्नली मागे पडली होती. कोपऱ्यातले दीड-दोन हजार लोक तीनशे किलोमीटर दूरच्या एका पेनल्टीसाठी नाचत होते.

मध्यंतराला ०-० होते. आजोबांच्या कागदावरच्या ज्या तीन चौकटींत आम्ही वाचतो, त्यांतल्या एकीत आम्ही उभे होतो. मी पिशवीतून थालीपीठ काढले आणि परत ठेवले.

छप्पन्नाव्या मिनिटाच्या आसपास कोपऱ्यातून आधी ओरडा, मग शांतता, मग स्फोट झाल्यासारखा आवाज. या वेळी मला क्रम कळला: पेनल्टी मिळाली, चेंडू ठेवला, गोल झाला. “बाबा, राफिन्याने मारली,” मी म्हटले. तिकडून बाबा म्हणाले, “अरे अजून चेंडू ठेवतोय तो, गप.” आणि मग अर्ध्या मिनिटाने मंगळवार पेठेतला आरडाओरडा माझ्या कानात आला. साठाव्या मिनिटाला विल्सनने दुसरा गोल केला. काही मिनिटे सगळे इतके चांगले होते की मला बसवेना. मग बर्नलीच्या कॉर्नेने एक फेडला. मग अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला पसरट आवाज आला, तीन बाजूंनी, आणि पडद्याची वाट पाहण्याची गरज नव्हती. बरोबरी केली होती सर्जी कानोसने.

पुढची सोळा मिनिटे मी नीट सांगू शकत नाही. बर्नलीचा आणखी एक गोल झाला असता की आम्ही उतरलो होतो, मग इथे काहीही होवो. कानोसने आनंदात शर्ट काढला म्हणून पिवळे कार्ड, लगेच दुसरे, आणि तो बाहेर. दुखापतीमुळे ख्रिस्टोफर आयरही बाहेर, बदली खेळाडू संपलेले, त्यामुळे ब्रेंटफर्ड नऊ जणांवर आले. हे बाबा मला सांगत होते, पण आम्हा दोघांचेही लक्ष पुतण्याच्या दुसऱ्या खिडकीतल्या बर्नलीकडे होते. माणूस आपल्या संघाचा सामना ऐकत असतो आणि प्रार्थना दुसऱ्याच शहरातल्या गोलरक्षकासाठी करत असतो. वरून एक विमान आले. त्याच्या आवाजाखाली मला काहीतरी ऐकू आल्यासारखे वाटले, पण कोणते, ते कळेना. विमान पुढे गेले आणि कोपऱ्याचा आवाज उघडा पडला. तो थांबतच नव्हता. मी फोनमध्ये काहीच बोललो नाही. बाबांना ते स्वतः पाहू द्यावे असे वाटले. मोजून अर्धे मिनिट, आणि मग: “हॅरिसन! अरे हॅरिसन!” चौऱ्याण्णवावे मिनिट. २-१.

टर्फ मूरवर बर्नली १-२ अशीच हरली. लीड्स ३८, बर्नली ३५. शेवटच्या दिवशी तळाच्या तिघांत असूनही वाचलेला संघ २०११ च्या विगननंतर हा पहिलाच.

क्यू ब्रिजच्या फलाटावर मी तासाहून अधिक वेळ थांबलो. लोक बाहेर यायलाच तयार नव्हते. नंतर कळले की राफिन्या मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गुडघ्यांवर चालत समर्थकांच्या दिशेने आला होता. आजोबा अनोळखी तरुणाच्या खांद्यावर हात टाकून जिना उतरताना दिसले. गळपट्टा हरवला होता, चष्म्याची एक दांडी वाकली होती आणि आवाज पूर्ण बसला होता. त्यांनी राफिन्याबद्दल सांगायचा प्रयत्न केला, जमले नाही, तेव्हा आपल्या दुखऱ्या गुडघ्यावर थाप मारून दाखवली. मग बाकावर बसले आणि माझ्या पिशवीकडे बोट केले. सँडविच उन्हाने पार वाकडे झाले होते, ते त्यांनी बाजूला ठेवले. फॉइल उलगडून त्यांनी गार, चिवट झालेले थालीपीठ दोन्ही हातांनी तोडले आणि खायला सुरुवात केली. वॉटर्लूची गाडी आली, भरून गेली. दुसरी आली, तीही सोडली. चौथे थालीपीठ संपवून त्यांनी बोटे पुसली आणि घोगऱ्या आवाजात विचारले की हे करायला काय काय लागते.